एका पंगतीची घडण : कर्मवीर भाऊराव पाटील

सातारा शहरात, एका पिढीच्या अंतराने, दोन बैठका मांडल्या गेल्या. पहिली बैठक आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या दप्तरात भिवा रामजी हे नाव नोंदले गेले आणि त्या मुलाला वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले. दुसरी बैठक १९२४ सालची. त्याच शहरात, एका भाड्याच्या घरात महार, मराठा, मांग, जैन, मुसलमान अशा घरांतली मुले एका रांगेत मांडी घालून बसली आणि एकाच तव्यावरची भाकरी जेवू लागली. मधल्या चोवीस वर्षांत कोणताही कायदा झाला नव्हता, गावगाडा मोडला नव्हता, धर्मग्रंथ कोणी बदलले नव्हते. तरीही एका घरापुरती, एका संस्थेपुरती शेकडो वर्षांची रीत बदलली. ती कशी बदलली, हा प्रश्न इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला फार वर्षे सोबत करीत आला आहे. शाळेच्या या स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहिण्याची सूचना आली, तेव्हा दुसरे नाव मनात आले नाही.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे, त्यांच्या आजोळी झाला. घराणे जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत राहिले. घर खाऊनपिऊन सुखी होते आणि सोवळ्याओवळ्याचे नियम काटेकोर होते. भाऊरावांच्या बालपणीची एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून या दांडगट मुलाने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला. आमच्या शालेय समारंभांत ही गोष्ट मुले मोठ्या आवेशाने सांगतात आणि टाळ्याही मिळवतात. मला मात्र ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावासा वाटतो : मोडलेल्या रहाटाचे पुढे काय झाले असेल? गावातला सुतार तो दुरुस्त करू शकतो. रहाट दुरुस्त झाला की पाणी भरण्याचा क्रम पुन्हा पूर्वीचाच. भाऊरावांचे मोठेपण रहाट मोडण्यात आहे, त्याहून अधिक ते पुढील पन्नास वर्षांत रहाट मोडण्यावर न थांबण्यात आहे.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे गाव. छत्रपती शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींसाठी एक खुले वसतिगृह काढून पाहिले होते, पण तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य झाले आणि इतर मुले टिकेनात. त्या अनुभवातून महाराजांनी वेगळा मार्ग धरला. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा प्रत्येक समाजाला आपापले वसतिगृह काढण्यास त्यांनी जागा दिली, पैसा दिला, उत्तेजन दिले. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्यांची पोरे शहरात येऊन शिकू लागली ती या वसतिगृहांमुळे. १९०२ सालच्या पन्नास टक्के राखीव जागांच्या हुकुमाला उमेदवार मिळायचे, तर ते येथूनच मिळणार होते. तेव्हा जातवार वसतिगृहांना आजच्या सोयीच्या नजरेने नावे ठेवणे हा इतिहासाशी अन्याय ठरेल. पण ज्या भिंतींनी मुलांना आसरा दिला, त्याच भिंतींनी त्यांना वेगळेही ठेवले, हेही नाकारता येत नाही.

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असा बोर्डिंगाचा नियम त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बोर्डिंगाची सूत्रे त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. येथे थोडे थांबावेसे वाटते. लठ्ठे कर्मठ गृहस्थ नव्हते. उच्चविद्याविभूषित, ब्राह्मणेतर चळवळीतले अग्रणी, पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले असे ते विचारी पुरुष होते. मग असा मनुष्य आंघोळीचा नियम का चालवतो? संस्था चालवलेल्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक असते. देणगीदार काय म्हणतील, पालक मुलांना काढून नेतील का, समाजाची सभा उद्या कोणता ठराव करील, या साऱ्या भयांचे मिळून संस्थेचे एक वेगळे मन तयार होते आणि ते चालकाच्या मनापेक्षा बलवत्तर ठरते. चांगली माणसे वाईट नियम चालवतात ती अशी. वीस-एकवीस वर्षांच्या भाऊरावांना हे तेव्हा शब्दांत मांडता आले असते असे नाही, पण संस्था म्हणजे काय याचा पहिला धडा त्यांना त्या भोजनगृहाच्या दारात मिळाला. तेथून त्यांना आसरा मिळाला तो शाहू महाराजांच्याच छायेत.

शालेय अभ्यासात त्यांची गती बेताची होती. इंग्रजी सहावीपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. तालीम, कुस्ती, पोहणे यांत मात्र ते कोणाला हार जात नसत. पुढे शेकडो शाळा काढणारा हा मनुष्य स्वतः परीक्षांच्या उंबरठ्यावर अडला, ही गोष्ट आमच्याकडील दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांच्या पालकांना मी दरवर्षी सांगतो.

१९१४ साली कोल्हापुरात सम्राट सातवे एडवर्ड आणि राणी यांच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असे दडपण आले. ज्यांच्या बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले त्यांच्याविरुद्ध सूड उगवण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. कोठडी सोसली, छळ सोसला, आणि त्या यातनांत जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण मान तुकवली नाही.

या साऱ्यानंतर पोटासाठी त्यांनी जे काम धरले ते त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकले जाते. मला ते फार मोलाचे वाटते. साताऱ्यात त्यांनी काही काळ शिकवण्या केल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यानंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. लोखंडी नांगर विकणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिले सहा नांगर खपवायला दोन वर्षे लागली होती. शेतकऱ्याची अशी समजूत व्याख्यानाने जात नाही. त्याच्या शेतात, त्याच्या बैलांना नांगर जुंपून तास काढून दाखवावे लागते. शेजारच्या बांधावरून चार जण ते पाहतात. पहिल्या वर्षी एक जण धीर करतो. त्याचे पीक इतरांनी पाहिले की दुसऱ्या हंगामात विष चढण्याची गोष्ट हळूहळू बोलण्यातून नाहीशी होते. ती समजूत कोणी जाहीरपणे मागे घेत नाही, ती नुसती वापरातून जाते. भाऊरावांनी आपल्या वसतिगृहांत पुढे जे केले ते याच रीतीने केले, असे माझे मत आहे. नांगराचा फिरता विक्रेता म्हणून घालवलेल्या वर्षांनी त्यांना सातारा जिल्ह्यातील गावे, वाटा, पाटलांचे वाडे आणि महारवाडे यांची जी ओळख करून दिली, ती कोणत्याही पदवीने दिली नसती. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबर कारखाना उभारण्यातही त्यांचा वाटा होता. नफ्यातील भाग बहुजनांच्या शिक्षणासाठी मिळावा या अपेक्षेवरून तेथे मतभेद झाले आणि त्यांनी ते काम सोडले. हाती पैसा येण्याचा मार्ग त्यांनी स्वतःहून बंद केला.

त्याआधीच, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली होती. काले येथे वसतिगृह निघाले, पुढे नेर्ले येथे निघाले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली लावलेल्या रोपट्याची ही एक फांदी होती. त्याच सुमारास, मार्च १९२० मध्ये, भाऊरावांचे जन्मगाव ज्या हातकणंगले तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील माणगावात शाहू महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज गेले. भाऊरावांच्या सातारच्या वसतिगृहाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

हे वसतिगृह १९२४ साली सुरू झाले ते भाऊरावांच्या राहत्या बिऱ्हाडात. वेगळी इमारत नव्हती, नेमलेला आचारी नव्हता, अधीक्षक नव्हता. होत्या त्या लक्ष्मीबाई. कुंभोजच्या सधन पाटील घराण्यात वाढलेल्या, माहेरी सोवळ्यात स्वयंपाक पाहिलेल्या या बाईंच्या चुलीजवळ एके दिवशी निरनिराळ्या जातींची पोरे येऊन बसली. पतीचा विचार पतीने स्वीकारणे ही एक गोष्ट असते. जिच्या हातांना प्रत्यक्ष तो विचार रांधायचा, वाढायचा, खरकटे काढायचे असते, तिच्यासाठी ती अगदी वेगळी गोष्ट असते. आमच्या इतिहासलेखनाने या फरकाकडे पुरेसे पाहिलेले नाही. घरातील धान्य संपले आणि भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव फिरत असले की लक्ष्मीबाई अंगावरचा दागिना काढून देत. एकामागून एक दागिने गेले आणि अखेर गळ्यातले मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी गेले. ज्या समाजात सवाष्णीने मंगळसूत्र उतरवणे अशुभ मानले जाई, तेथे ते उतरवून पोत्याने धान्य आणण्याचे धैर्य कोणत्याही परिषदेतील ठरावापेक्षा मोठे होते. १९३० साली त्या निवर्तल्या. लोक त्यांना रयतमाउली म्हणतात, पण त्यांच्या नावापुढे वर्षे आणि घटना फार थोड्या सापडतात. हे बहुतेक सर्व संस्थांच्या स्वयंपाकघरांचे झाले आहे, आपल्याही.

वसतिगृहाचा दिनक्रम साधा होता. मुलांनी पाणी आणायचे, सरपण आणायचे, झाडलोट करायची, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, वाढायचे आणि एका पंगतीत जेवायचे. पुढे धनिणीच्या बागेत वसतिगृह हलल्यावर शेतीकाम आणि बांधकामही आले. जातिभेद वाईट आहे असे प्रवचन भाऊराव मुलांना रोज देत बसले नाहीत. त्यांनी पाळी लावली. आता पाळी या साध्या गोष्टीचा विचार करून पाहावा. आज पिठात हात घालणारा मुलगा महाराचा असेल, तर मराठ्याच्या मुलाला दोनच मार्ग राहतात : उपाशी राहणे किंवा जेवणे. वाढत्या वयाची भूक मोठी असते. पहिल्या दिवशी तो मन घट्ट करून जेवतो, आठव्या दिवशी भाकरी करपली म्हणून कुरकुर करतो. ज्या दिवशी त्याची तक्रार करणाऱ्याच्या जातीवरून सरकून भाकरीच्या करपण्यावर येते, त्या दिवशी त्याच्या मनातले काहीतरी मोडलेले असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. आणि उद्या पाळी त्याची असते. ज्या कामाला घरी बायकांचे किंवा खालच्या जातीचे काम म्हणून त्याने हात लावला नसता, ते काम तो करतो. विचार बदलला म्हणून वर्तन बदलले, असे आपण समजतो. वसतिगृहात बहुधा उलटे घडले. वर्तन आधी बदलले आणि विचार मागाहून, लंगडत का होईना, त्याच्या पाठोपाठ आला.

१९२४ हेच वर्ष बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचे. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आमच्या अभ्यासवर्गात कधीकधी वाद निघतो की यांतला खरा मार्ग कोणता, बाबासाहेबांचा स्वतंत्र वसतिगृहाचा की भाऊरावांचा मिश्र वसतिगृहाचा. मला हा वाद चुकीच्या पायावर उभा वाटतो. स्वतंत्र वसतिगृहाने आपल्या मुलांना शिकवले. त्यांना ताठ मानेने राहता येईल, आपल्या प्रश्नांवर मोकळेपणी बोलता येईल अशी जागा दिली. मिश्र वसतिगृहात ज्याला अधिक शिकायचे होते तो आपला मुलगा नव्हता. तेथे खरा विद्यार्थी पाटलाचा मुलगा होता, कारण विसरायचे त्याच्याकडे जास्त होते. दोन रोगांना दोन औषधे होती. अर्थात मिश्र पंगतीतही आपल्या मुलाला किती शब्द गिळावे लागले असतील याची नोंद कोणी ठेवलेली नाही, आणि ज्याला पहिल्या दिवशी कोणाच्या तरी नजरेखाली भाकरी थापावी लागली त्याचे धैर्य लक्ष्मीबाईंच्या धैर्याहून कमी होते असे मी मानत नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. साताऱ्यात पोरे एकत्र जेवत होती त्याच दिवसांत महाडात तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की भाऊरावांच्या कार्याचे मोल आणि मर्यादा दोन्ही दिसतात. चार भिंतींच्या आत एका निग्रही माणसाच्या देखरेखीखाली जे साधते, ते उघड्या तळ्याच्या काठावर साधत नाही. तेथे हक्काची लढाईच लागते. पण हक्क मिळाल्यानंतर शेजारी बसून जेवायला जी माणसे लागतात, ती लढाईत तयार होत नाहीत.

मर्यादेची आणखी एक बाजू होती. सुटी लागली की मुले गावी जात. तेथे मराठ्याचा मुलगा ओट्यावर आणि महाराचा मुलगा अंगणाखाली, ही जुनीच व्यवस्था त्यांची वाट पाहत असे. भाऊरावांनी या अडचणीवर दोन उपाय केले असे मला दिसते. पहिला उपाय मुष्टिफंडाचा. घरोघरी बायकांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते साठवून वसतिगृहाला द्यायचे. संस्थेला धान्य मिळाले हा त्याचा दिसणारा लाभ. न दिसणारा लाभ असा की जी बाई रोज मूठ बाजूला काढते, ती त्या पंगतीची नकळत वाटेकरी होते, आणि ज्या पंगतीला आपण वाढले तिला विटाळाची म्हणणे अवघड जाते. सधन दात्याच्या एका धनादेशावर चालणाऱ्या संस्थेला दात्याची मर्जी सांभाळावी लागते. हजार मुठींवर चालणारी संस्था कोणा एकाच्या मर्जीवर नसते. जैन बोर्डिंगाच्या दारात मिळालेला धडा त्यांनी असा वापरला. महाविद्यालयाला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव बदलले तर मोठी देणगी मिळेल, अशी सूचना पुढे आली तेव्हा त्यांनी ती धुडकावली, असे सांगतात. मुठींचे बळ पाठीशी असल्यावाचून असे नाकारणे परवडत नाही.

दुसरा उपाय शिक्षकांचा. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय सुरू झाले. खेड्यातली, एकत्र राहिलेली, एकत्र रांधलेली मुले तेथून शिक्षक होऊन बाहेर पडली आणि जेथे शाळा नव्हती अशा डोंगरी वाड्यावस्त्यांवर, देवळात, धर्मशाळेत, झाडाखाली व्हॉलंटरी शाळा उघडून बसली. अशा शाळांची संख्या शेकड्यांत गेली. नियमाचे पत्रक गावात पाठवता येते, पण सवय पत्रकाने जात नाही. ती माणसाबरोबर प्रवास करते. ज्या तरुणाने चार वर्षे पाळीने भाकरी थापली, त्याने गावच्या शाळेत महाराच्या मुलाला वेगळे बसवले असेल, ही शक्यता नाहीशी झाली असे म्हणता येणार नाही, पण तसे करताना त्याला आतून काहीतरी टोचले असेल, एवढे नक्की.

१९३२ साली पुण्यात त्यांनी युनियन बोर्डिंग काढले, ते पुणे कराराचे स्मारक म्हणून. येथे माझ्यासारख्या वाचकाचे पाऊल अडखळते. २४ सप्टेंबर १९३२ चा तो करार आपल्यासाठी एक न भरलेली जखम आहे. स्वतंत्र मतदारसंघ कोणत्या दडपणाखाली सोडावे लागले हे आपण विसरलेलो नाही. भाऊरावांनी त्या करारात ऐक्याचे वचन पाहिले. त्यांचा राजकीय निष्कर्ष मला मान्य नाही. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या करारानंतर ऐक्याची भाषणे अनेकांनी केली. ऐक्य झाले असे समजून लगेच दोन्हीकडच्या मुलांसाठी एक चूल पेटवणारे फार थोडे निघाले. वचन खरे की खोटे हे भाऊरावांनी आपल्यापुरते तपासून पाहिले.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. कमवा आणि शिका ही योजना तेथे रुजली. १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज उभे राहिले. शाहू बोर्डिंगातूनच शिकून गेलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्था वाढत गेली. तिच्या विस्ताराची हकीकत अन्यत्र पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून येथे लांबवत नाही.

वाढीबरोबर जे येते त्याविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण ते आपल्या दाराशी आले आहे. वसतिगृह लहान असते तेव्हा मुले रांधतात. संख्या वाढली, अनुदान आले, तपासणी आली की आचारी येतो, मग ठेकेदार येतो. पंगत राहते, पाळी जाते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. मी नोकरीच्या आरंभी एका वसतिगृहात काही महिने काढले. संस्था कोणती हे सांगण्याचे कारण नाही. तेथील भिंतीवर फुले, शाहू आणि भाऊराव यांच्या तसबिरी ओळीने होत्या. मुले एकत्र जेवत. पण स्वयंपाकघरात आत जाण्याची मुभा काही मुलांनाच होती, आणि ती कोणती हे सांगण्यासाठी कोणताही लेखी नियम लागत नव्हता. मी मुख्याध्यापकांना विचारले. असा नियमच नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते खरे होते.

आपल्या शाळेविषयीही थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आपण बौद्ध आहोत म्हणून आपल्या भोजनगृहात हा प्रश्नच उद्भवत नाही, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. आपल्याकडे पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांतली मुले बहुसंख्य आहेत, पण मातंग आहेत, चर्मकार आहेत, ढोर आहेत, भटक्या-विमुक्त जमातींतली आहेत, आदिवासी आहेत. प्रत्येक वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोण कोणाशेजारी ताट घेऊन बसतो हे मी पाहत असतो. सुरुवातीला गट पडलेले असतात. आजवर ते पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीपर्यंत विरघळत आले आहेत, आणि त्याचे श्रेय मी वंदनेला किंवा माझ्या इतिहासाच्या तासाला देत नाही. आठवड्याच्या पाळ्यांना देतो. कणीक मळताना, भांडी घासताना गट टिकत नाहीत, कारण एका हाताला दुसरा हात लागतोच. यंदा विद्यार्थिसंख्या वाढल्याने भोजनगृह ठेक्याने द्यावे आणि मुलांचा तो वेळ अभ्यासाला मिळावा, असा विचार व्यवस्थापनापुढे आला आहे. काही पालकांचीही तशी मागणी आहे. आमच्या लेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडी घासली, आता शाळेतही तीच घासायची का, असा त्यांचा सवाल आहे, आणि तो सवाल हलका नाही. ज्यांच्यावर श्रम लादले गेले त्यांना श्रमाचे गौरवगान ऐकवताना जीभ जड व्हायला हवी. भाऊरावांच्या बोर्डिंगात मराठ्याच्या मुलाने भांडे घासणे आणि आपल्या मुलाने घासणे यांचा अर्थ एक नव्हता. तरीही मी पाळ्या ठेवण्याच्या बाजूचा आहे. वेळ कमी करावा, भांड्यांसाठी माणसे नेमावीत, पण वाढण्याची आणि भाकरीची पाळी राहू द्यावी, आणि तिच्यात आम्हा शिक्षकांची नावेही असावीत, असे मी शिक्षकसभेत मांडले आहे. माझ्या सहकाऱ्यांपैकी निम्म्यांना ते पटलेले नाही. माजी विद्यार्थ्यांनी, ज्यांनी या पाळ्या केल्या आहेत त्यांनी, आपले मत शाळेला कळवले तर निर्णय सोपा होईल.

भाऊरावांना लोक अण्णा म्हणत. वाढलेली पांढरी दाढी, अंगावर खादीचे जाडेभरडे कपडे, हातात काठी अशी त्यांची मूर्ती सातारच्या रस्त्यांवर अखेरपर्यंत दिसे. त्यांच्या हयातीतच संस्थेच्या शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालये आणि तीसहून अधिक वसतिगृहे झाली होती. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने, इंग्रजी सहावीपुढे न गेलेल्या या माणसाला, डी. लिट्. ही पदवी दिली. तोवर प्रकृती पुरती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मे महिन्याची सुटी होती आणि बहुतेक वसतिगृहांतली मुले आपापल्या गावी गेलेली होती.